परदेशातले सार्वजनिक तलाव आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा आमचे दोन तरुण कार्यकर्ते गालात हसले. "काका, विहारात पोहण्यावर भाषण?" असे एकाने विचारलेही. त्याचे हसणे आम्ही मनाला लावून घेतलेले नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीतून किती मुले-मुली परदेशी गेली याची मोजदाद त्याने करावी. कोणी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर शिकायला गेला, कोणी नर्सिंगचा कोर्स करून गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल कामगार पाठविण्याचा करार झाला, तेव्हापासून तर जर्मन भाषेचा वर्ग कुठे आहे ही चौकशी आमच्याकडे येता-जाता होते. या मुलांना व्हिसा, बँक, थंडीचे कपडे, मसाल्याचे डबे, सगळ्याविषयी सांगणारे दहा जण भेटतात. पाण्याविषयी कोणी सांगत नाही. आणि पाण्याशी आपला संबंध काय आहे हे या विहारात बसलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आमची थोरली मुलगी तिकडे एका रुग्णालयात परिचारिका आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने आम्हा उभयतांना बोलावून घेतले. सूतगिरणीतून बिनपगारी रजा टाकून आम्ही अडीच महिने राहिलो. परत आलेले लोक किल्ले, चर्च, मोटारींचे कारखाने यांचे वर्णन करतात. आम्ही सर्वांत जास्त वेळा कुठे गेलो असू, तर नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. मुलीला सुटी असेल तेव्हा तिच्यासोबत, एरवी आम्ही दोघेच. जे पाहिले आणि मागाहून वाचून पडताळून घेतले ते सांगतो.

जर्मनीत लहानशा गावालाही बहुधा तलाव असतो. छताखालचा असतो त्याला म्हणतात हालेनबाड. उघड्यावरचा, साधारण मे ते सप्टेंबर चालणारा, तो फ्रायबाड. फ्रायबाडात पाण्याभोवती हिरवळ असते. लोक घरून सतरंजी आणि डबा घेऊन येतात, म्हातारे-कोतारे सावलीत वर्तमानपत्र वाचतात, पोरं रांग लावून बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतात. तिकीट साधारण चार ते सहा युरो, मुलांना व विद्यार्थ्यांना कमी. एवढ्या पैशात तलाव चालत नाही. पाणी गाळणे, गरम करणे, माणसांचे पगार, हे सगळे धरले तर बहुतेक तलाव तोट्यातच असतात आणि तो तोटा नगरपालिका सार्वजनिक पैशातून भरते. आपला मुलगा तिकडे नोकरी करतो, कर भरतो, तेव्हा त्या पाण्यात त्याचाही पैसा आहे. हे त्याने तिकिटाच्या खिडकीशी उभे राहताना ध्यानात ठेवावे. मान खाली घालून जाण्याचे कारण नाही.

आत गेल्यावर कपडे बदलण्याच्या लहान लहान खोल्या असतात. त्यांना दोन दारे. एका दाराने बूट घालून आत जायचे, दुसऱ्या दाराने अनवाणी बाहेर पडायचे. बुटाची घाण पाण्याकडे जाऊच नये म्हणून ही रचना. सामान लॉकरमध्ये. लॉकरला पुष्कळ ठिकाणी एक युरोचे नाणे लागते, ते परत मिळते.

आता खरी अडचणीची जागा येते. ती म्हणजे आंघोळीची खोली. पाटीवर लिहिलेले असते की पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून, कपडे उतरवून आंघोळ करावी. पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी, पण आत बहुधा आडपडदा नसतो. एकाच खोलीत दहा शॉवर. आपल्याकडे नदीवर, पंपावर आंघोळ केलेला माणूससुद्धा चड्डी ठेवून करतो. तेव्हा आपल्या पोराचे पाय तिथे अडखळतात.

नागपूरकडचा एक मुलगा मुलीच्या ओळखीचा होता. पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहून तिकीट फुकट घालवून तो परत गेला आणि वर्षभर तलावाकडे फिरकला नाही. लाज वाटली हे खरेच. पण एकदा चहा पिताना त्याने आम्हाला वेगळेच कारण सांगितले. म्हणाला, "आधी धू, मग पाण्याला शिव, असं कोणी म्हटलं की डोक्यात जातं, काका." मित्रहो, हे ऐकून आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो.

त्याच्या डोक्यात काय गेले ते आपण सगळे जाणतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झालेला होता. तरी आपण प्यालो म्हणून तळे बाटले, आणि ते शुद्ध करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्यात ओतण्यात आले. म्हणजे शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाने बाटते! हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या मागे पाणी धुतले गेले, त्याला कोणी "आधी अंग धू" म्हटले तर त्याचे कान तापणारच.

पण त्या मुलाला आम्ही जे सांगितले ते आपणासही सांगतो. तिथल्या शॉवरमागे रसायनशास्त्र आहे. माणसाच्या घामातून, लघवीतून, अंगाला लावलेल्या तेलातून जे पाण्यात उतरते त्याची क्लोरिनशी क्रिया होते आणि क्लोरामाइन नावाचे पदार्थ तयार होतात. तलावावर ज्याला आपण क्लोरिनचा वास म्हणतो, ज्याने डोळे चुरचुरतात, तो बराचसा या क्लोरामाइनचा असतो. न धुतलेली माणसे जितकी जास्त, तितका वास जास्त. म्हणून तिथे डॉक्टर, न्यायाधीश, रस्ता झाडणारा, सगळे शेजारी शेजारी उभे राहून साबण लावतात. आम्ही पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ डोके चोळत होते. त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्याकडे न पाहणे हीच तिथली रीत. मोबाईल तर त्या खोलीत खिशातून... अहो, खिसा तरी कुठे असतो! लॉकरमध्येच ठेवायचा. ज्याला अगदीच जमत नाही त्याने सकाळी लवकर, गर्दी नसताना जावे. काही तलावांत एखाद-दुसरा आडोशाचा शॉवरही असतो.

चड्डीचेही तसेच. पोहण्याचीच चड्डी हवी, आणि तिच्या आत दुसरी नको. रस्त्यावर घालायची हाफ पँट चालत नाही, कारण रस्त्याचा मळ तिच्यासोबत पाण्यात येतो. आणखी एक, आपल्याकडे विहिरीत मुटका मारतात तसा तिथे काठावरून मारायचा नाही. खाली कोणाचे डोके असेल सांगता येत नाही. उडीसाठी वेगळी जागा आणि फळी असते. देखरेखीला असतो त्याला बाडेमाइस्टर म्हणतात. त्याने शिट्टी वाजवली की ऐकायचे. त्याच्याशी हुज्जत घातली तर तो सरळ बाहेर काढतो, गोऱ्यालाही काढतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता या विषयातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गिरणीत पाळी सुटल्यावर गेटवर झडती होते. आम्ही कामगारांनी तिला कधी हरकत घेतलेली नाही. आम्ही एवढेच विचारत आलो, की हीच झडती ऑफिसातल्या साहेबाच्या बॅगेची होते काय? होत असेल तर तो नियम. होत नसेल तर तो अपमान. परदेशात तलावाच्या दारात आपल्या मुलाने हाच प्रश्न मनाशी विचारावा.

उदाहरणे देतो. बॉन शहराजवळ बोर्नहाइम नावाचे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या प्रौढ पुरुषांना तलावात येण्यास बंदी केली. काही स्त्रियांनी छेडछाडीच्या तक्रारी केल्या होत्या. तक्रारी खोट्या होत्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बाईची छेड काढणारा कुठल्याही देशाचा असो, त्याला दंडाला धरून बाहेर काढलाच पाहिजे. पण ज्याने छेड काढली नाही त्याला का? टीका झाली आणि बंदी काही दिवसांतच उठली. याच्या शेजारी बर्लिन ठेवून पहा. तिथल्या तलावांवर २०२३ च्या उन्हाळ्यात तरुणांच्या मारामाऱ्या झाल्या. त्यावर उपाय म्हणून जुलै २०२३ पासून ओळखपत्र दाखविणे सक्तीचे केले. कोणाला? सर्वांना. हा झाला नियम. आवडो न आवडो, ओळखपत्र खिशात ठेवावे आणि दाखवावे.

जपानमधील ओतारू शहराचा खटला तलावाचा नाही, सार्वजनिक स्नानगृहाचा आहे, पण तो प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. रशियन खलाशी दारू पिऊन दंगा करतात म्हणून तिथल्या एका स्नानगृहाने "फक्त जपानी" अशी पाटी लावली. एक मूळचा अमेरिकन गृहस्थ रीतसर जपानी नागरिक झालेला होता. त्याने आपण नागरिक असल्याचे दाखवूनही त्याला आत घेतले नाही, कारण चेहरा परका. त्याने व आणखी दोघांनी दावा लावला. नोव्हेंबर २००२ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने प्रत्येकी १० लाख येन भरपाई देवविली. दंगा करणाऱ्याला काढा, सरसकट सर्व परकीयांना काढू नका, असा त्या निकालाचा आशय. ओतारूच्या नगरपालिकेला मात्र कोर्टाने जबाबदार धरले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आणि अलीकडचे म्हणाल तर स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सच्या सीमेलगत पोरांत्रुई नावाचे गाव आहे. तिथे जुलै २०२५ मध्ये, गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर, त्या हंगामापुरता तलाव स्विस नागरिकांना, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना आणि तिथे कामाचा परवाना असलेल्यांनाच खुला ठेवला. रेषा कातडीवर ओढली नाही, कागदावर ओढली. तिथे राहणारा परदेशी आत जाऊ शकत होता. आम्हाला हा नियमही पटत नाही, कारण दहा जणांच्या दंग्यासाठी सीमेपलीकडचे सगळे गाव बाहेर राहिले. पण आपल्या मुलाने परवाना जवळ ठेवावा हे बरे.

आपण युरोपला नावे ठेवून मोकळे होऊ असेही नाही. मुंबईत ब्रीच कँडीचा तलाव इंग्रजांच्या काळात गोऱ्यांसाठी होता आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तिथे भारतीयांना मज्जाव होता. तिथे परदेशी आत आणि देशी बाहेर! जर्मनीचा स्वतःचा इतिहास तर त्याहून भयंकर. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, ऑगस्ट १९३३ मध्ये, बर्लिनच्या वानझे सरोवराच्या स्नानघाटावर ज्यूंना बंदी झाली. हळूहळू गावोगावच्या तलावांवर तशा पाट्या लागल्या. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच नागरिक होते. पाण्यातून हाकलण्यापासून सुरुवात झाली आणि शेवट कुठे झाला ते जगाला ठाऊक आहे. आज त्या देशात २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे, वंशावरून प्रवेश नाकारणे त्याखाली येते, आणि सरकारचे भेदभावविरोधी कार्यालय विनामूल्य सल्ला देते. असा प्रसंग आलाच तर तारीख, वेळ, साक्षीदाराचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. तक्रारीची मुदत फार लांब नसते. भांडण तलावाच्या काठावर करू नये, कागदावर करावे.

एक प्रसंग आमच्यासमोर घडला. एका तलावावर, गावाचे नाव घेत नाही, खोल पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या आपल्याकडच्या दोन मुलांना बाडेमाइस्टरने विचारले, "पोहता येतं का?" दोघे चिडले. "आम्हालाच का विचारलं?" आम्ही म्हटले थांबा, बघू या. पाऊण तास आम्ही बाकावर बसून मोजले. त्याने एकंदर चौघांना तो प्रश्न विचारला. त्यांत एक गोरी मुलगी होती, बाकी तिघे सावळे. मुलीने जाऊन नम्रपणे विचारले तेव्हा तो म्हणाला की काठाशी घुटमळणाऱ्याला मी विचारतो, चेहरा बघत नाही. आमचे समाधान अर्धेच झाले. घुटमळणारे गोरे आणखीही होते, ते आम्ही पाहिले होते. पण चिडलेल्या त्या दोघांना आम्ही मागाहून विचारले, "बाबांनो, येतं का पोहायला?" एकालाही येत नव्हते.

आणि इथे जिवाचा प्रश्न येतो. जर्मनीत जीवरक्षकांची एक मोठी संघटना आहे, तिला डी.एल.आर.जी. म्हणतात. १९१२ साली र्‍यूगन बेटावर बोटीचा धक्का मोडून लोक किनाऱ्यापाशीच बुडाले, कारण पोहता येणारेच थोडे. त्यानंतर १९१३ मध्ये ही संघटना निघाली. तिच्या आकड्यांप्रमाणे २०१६ साली जर्मनीत ५३७ माणसे बुडून मेली, त्यांत ६४ निर्वासित होते. युद्धातून जीव वाचवून आलेली माणसे तळ्यात गेली. बहुतेक मृत्यू नद्यांत आणि तळ्यांत होतात, राखण असलेल्या तलावांत फार थोडे. बाडेन-वुर्टेम्बर्गात ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात वाळू-खडी काढून झालेली तळी पुष्कळ आहेत. दिसायला निळीशार, तिकीट नाही, शॉवरची लाज नाही, शिट्टी वाजवणारा कोणी नाही. मित्रांसोबत पोरगा तिथे जातो. काठापासून चार पावलांवर तळ एकदम खोल जातो, आणि वर पाणी कोमट असले तरी खाली बर्फासारखे. म्हणून आम्ही त्या नागपूरच्या मुलाला म्हटले, "शॉवरला लाजून तू जर त्या तळ्यावर जाणार असशील, तर ही लाज महागात पडेल." तो पुढच्या आठवड्यात आमच्यासोबत तलावावर आला. साबण घेऊन आला.

भगिनींसाठी दोन शब्द. मुलीची आई पन्नाशी ओलांडलेली. पाण्याशी तिचा संबंध धुणे आणि घागर एवढाच. आखूड कॉश्च्युम घालणार नाही म्हणाली. तिकडे पोहण्याच्याच कापडाचा, हातापायांपर्यंत झाकणारा पोशाख मिळतो. मुसलमान भगिनी तो वापरतात, त्याला बुर्किनी म्हणतात. कोब्लेन्झ शहराने २०१९ च्या आरंभापासून आपल्या तलावांत तो बंद केला होता, पण जून २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने ती बंदी रोखली. शर्यतीच्या सरावाला येणाऱ्यांचा अंगभर रबरी पोशाख चालतो, मग हाच का नाही, असा कोर्टाचा सवाल होता. आमचा गेटवरचाच प्रश्न! तरी नियम गावागणिक वेगळे असतात, दारावरची नियमावली वाचून घ्यावी. काही तलावांत ठराविक वेळ फक्त बायकांसाठीही असते. मुलीच्या आईने तसा पोशाख घेतला आणि न पोहणाऱ्यांच्या उथळ तलावात उतरली. त्याची खोली जास्तीत जास्त १.३५ मीटर असते, म्हणजे साधारण छातीइतकी. पहिल्या दिवशी लोखंडी कठडा सोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर तरंगली आणि तरंगता तरंगता मोठ्याने हसायला लागली. एका जर्मन आजीने टाळ्या वाजवल्या. आम्ही काठावर उभे होतो, काय बोलावे सुचेना.

तिकडे लहान मुलांची पहिली परीक्षा असते तिला झेफेर्डशेन म्हणतात, म्हणजे समुद्रघोडा. काठावरून उडी, २५ मीटर पोहणे, खांद्याइतक्या पाण्यातून तळाची वस्तू वर आणणे आणि तलावाचे नियम माहीत असणे. पास झालेल्याच्या चड्डीवर आई समुद्रघोड्याचा बिल्ला शिवते. पण एवढ्यावर पोहता येते असे ते लोक मानत नाहीत. पुढची, ब्राँझची परीक्षा दिली तरच. तिच्यात १५ मिनिटांत किमान २०० मीटर पोहणे आणि साधारण दोन मीटर खोलातून वस्तू आणणे असते. पोहणे हा तिकडे शाळेच्या शिक्षणाचा भाग आहे. तरीसुद्धा २०२२ च्या पाहणीत प्राथमिक शाळेच्या वयाची २० टक्के मुले पोहू न शकणारी निघाली. कोरोनात तलाव बंद राहिले त्याचा हा परिणाम, आणि ते लोक त्याची वर्तमानपत्रांतून चिंता करतात. आपल्या वस्तीची अशी पाहणी केली तर काय निघेल? पूर्वी पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलत. आता विहिरी बुजल्या, डबेही गेले.

तेव्हा समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आणि ती मंजूर झाली आहे. आपल्या नगरपालिकेच्या तलावावर सकाळी सहाच्या बॅचमध्ये आपल्या वस्तीतली मुले-मुली, प्रथम परदेशी जाण्याची तयारी करणारी आणि मग बाकीची, अशी पाठवायची. फीचा निम्मा भार समिती उचलेल. मुलींसोबत महिला मंडळाच्या दोघी जणी जातील. मुलीची आई त्यांतली एक आहे, तिने स्वतःहून नाव दिले. उतरण्यापूर्वी सर्वांनी नळाखाली साबण लावून आंघोळ करायची, अगदी आम्हीसुद्धा. नावे रविवारच्या वंदनेनंतर वाचनालयात लिहून घेतली जातील. येताना वयाचा दाखला आणि दोन फोटो आणावेत.

जय भीम.